कुवेतचं कडू गवत

आमच्या घरात रसायनशास्त्र शिकलेली मी एकटीच, आणि रसायनशास्त्राच्या बाबतीत सगळ्यात कमी जिचं ऐकलं जातं ती पण मीच. पांढुर्ण्याच्या शाळेत अकरावी-बारावीची पोरं मला पाहून वर्गात गपगार होतात. तीच मी शनिवारी बसनं सौंसरला उतरून मोहगाव रोडवरच्या आमच्या घरी पोचले की आई म्हणते, आली का, घे लसूण सोल. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून शाळेत मी हिंदीतून शिकवते आणि घरी मराठीतून भांडते. दोन्हीकडे निकाल साधारण सारखाच लागतो.

बाबा संत्र्याचे माणूस. बाग लहानशी, पण तोंडात चोवीस तास संत्रा. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं तेव्हासुद्धा त्यांनी मुलाकडच्यांना विचारलं होतं की तुमच्याकडची जमीन निचऱ्याची आहे का. डोळा बांधण्यात तर पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. डोळा बांधणं म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा कोंब सालीसकट अलगद कापायचा, जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या रोपाला चीर देऊन आत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. कापायचं काम बाबांचं आणि पट्टी बांधायचं शेजारच्या मास्तरकाकांचं. मास्तरकाका प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, बाबांचे जिवलग दोस्त. काकू गेल्यापासून घरी एकटेच. मुलगा पुण्याला, तो फोनवर बापाला रोज विचारायचा की जेवले का, आणि हे रोज सांगायचे की हाव, जेवलो. मग आमच्याकडे येऊन जेवायचे.

आमच्या विहिरीजवळ एक संत्र्याचं झाड होतं. आजोबांनी लावलेलं. आजोबांनी सगळी उमर दुसऱ्यांच्या बागा ओलवल्या, आणि स्वतःचा जमिनीचा तुकडा झाला तेव्हा पहिलं झाड लावलं ते हे. साल पातळ, फोड अशी गोड की बाजारचा संत्रा त्याच्यापुढे फिका पडे. त्या झाडाला डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक गळायचा, एकेक फांदी वाळत चालली होती. पुढचा उन्हाळा ते काढणार नाही हे बाबांना दिसत होतं. म्हणजे तेवढंच दिसत होतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

बाबांचं एकच म्हणणं होतं. झाड मरायच्या आधी त्याचे डोळे जंबेरीवर बांधायचे, आणि ते मीच बांधीन. दुसऱ्या कोणाला त्या झाडाला सुरी लावू देणार नाही. त्यासाठी या हिवाळ्यातच ऑपरेशन व्हायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले की करू, पण आधी शुगर खाली आणा. बाबांची शुगर म्हणजे आमच्याकडच्या मे महिन्यासारखी, खाली यायचं नावच नाही. गोळ्या चालू होत्या, पण गोळीवर गोळी आणि वरून मास्तरकाकांसोबत चहा, त्यात दोघांची एकमेकांना सूट.

अशात माझा आत्येभाऊ कुवेतहून सुट्टीवर आला. तो तिकडे क्रेन चालवतो. जय भीम, चहापाणी झालं, अत्तर निघालं, पिस्ता निघाला, आणि मग बॅगेच्या तळातून एक पिशवी निघाली. आत राखाडी, केसाळ, वाळकं गवत. वाळवंटात उगवतं म्हणाला. नाव काय, तर शीह. आईनं वास घेऊन नेमकं तेच म्हटलं. भाऊ सांगू लागला की तिकडचे म्हातारे याच्यावरच जगतात. पोटदुखी, जंत, खोकला, शुगर, सगळ्यावर हेच. म्हणजे एका पिशवीत अख्खा सरकारी दवाखाना. बाबांनी पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग बरं, मॅडम."

आता बाबा जन्मात पहिल्यांदा मॅडम म्हणाले, तर मी बोलणारच ना बाप्पा. वर्षभर पोरं माझ्यापुढे जांभया देतात, आणि इथं प्रत्यक्ष बाप कान टवकारून बसलेला. मी सांगितलं की हे आपल्या दवण्याच्या खानदानातलं झाड. पंसाऱ्याकडे जंतासाठी जो किरमाणी ओवा मिळायचा तो पण याचाच भाऊबंद. त्यात सँटोनिन नावाचा पदार्थ असतो, त्यानं जंत पडायचे, पण जास्त झालं की माणसाला सगळं जग पिवळं दिसायचं. चीनकडच्या एका बहिणीतून तर मलेरियाचं औषध निघालं. या शीहमध्ये उडून जाणारं तेल असतं, त्यात कापूर असतो आणि थुजोन असतं. थुजोन जास्त पोटात गेलं तर मेंदूवर चढतं, झटके येतात. कडूपणा येतो तो वेगळ्याच पदार्थांमुळे. शिवाय हे झाड एका दरीत एका गुणाचं आणि दुसऱ्या दरीत दुसऱ्याच गुणाचं निघतं, त्यामुळे पिशवीत काय आहे ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. शुगरवर उंदरांमध्ये थोडं काम झालंय, माणसांचं पक्कं काही नाही. तेव्हा काढा घ्यायचाच तर घोटभर घ्या, पण गोळी सोडू नका.

इथवर बाबा नुसते बसले होते. मग त्यांनी विचारलं की पण हे झाड एवढं कडू कशाला बनतं. मी म्हटलं, वाळवंटात पाणी नाही, ऊन मरणाचं, वरून बकऱ्या. झाडाला पळून तर जाता येत नाही. मग ते तेल आणि कडू रसायनं तयार करून स्वतःला वाचवतं. पाण्याची ओढ पडली की हे आणखी वाढतं.

"म्हणजे ताण," बाबा म्हणाले.

झालं. सगळ्या व्याख्यानातून बाबांनी तेवढंच उचललं. संत्र्याला हिवाळ्यात ताण देतात. म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, झाड आता मेलंच असं वाटतं, आणि मग पाणी सोडलं की अख्खं झाड पांढऱ्या फुलांनी लदबदून जातं. रोज पाणी पिणारं झाड नुसतं पानं काढतं, त्याला बहार येत नाही, हे बाबांचं जन्माचं शास्त्र. त्यांनी ते शास्त्र उचललं आणि स्वतःला लावलं. रोजच्या गोळ्या म्हणजे रोजचं पाणी. त्यानं शरीर आळशी झालं. आधी गोळ्या तोडून शरीराला ताण द्यायचा, आणि मग शीह सोडायचं, की अंगातल्या अंगात औषधाचा बहार.

मी पांढुर्ण्याला परत गेले होते, मला याचा पत्ताच नाही. आईला कळलं तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंडानं समजावलं, मग रडून पाहिलं, मग भाजीत मीठ कमी टाकून पाहिलं. बाबा ढिम्म. आईला म्हणाले की तू बागेत कधी ताण दिला आहे का, नाही ना, मग तुले नाही समजणार.

ऑपरेशनच्या आधी सौंसरला तपासणी झाली. शुगर अशी वर गेली होती की डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि ऑपरेशन रद्द केलं. मी तिथंच होते. माझा संताप असा की मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बापाला पोरासारखं झापलं. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. बाबांनी शांतपणे चष्मा पुसला, ज्यातून त्यांना तसंही काही दिसत नव्हतं.

"पानं मलूल झाली," ते म्हणाले. "आता बहार येईन."

विहिरीजवळच्या झाडाची तेव्हा आणखी एक फांदी वाळली होती. घरी जाताना बाबा झाडापाशी थांबले आणि हातानं काड्या चाचपत राहिले, कुठली ओली आहे, कुठली वाळली. मला फार वाईट वाटलं. एवढा शहाणा माणूस, आणि आपल्याच शहाणपणात अडकून बसला होता. रागही तेवढाच आला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत आईचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं, गोळी कुटली तर चालते का. मी म्हटलं, कोणाची. म्हणे, कोणाची काय, गोळी ती गोळी. मग हळूच म्हणाली की ते गवत इतकं जहर कडू आहे की त्यात आणखी काही कडू पडलं तर देवाच्या बापालाही समजणार नाही.

माझ्या आईला कधी सुचत नाही असं नाही, पण त्या दिवशी सुचलं ते औरच. मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना गाठून खरं काय ते सांगितलं. ते आधी हसले, मग रागावले, मग म्हणाले की आताची गोळी सावकाश विरघळणारी आहे, ती अजिबात कुटायची नाही, कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जाईल. त्यांनी साधी गोळी लिहून दिली. ही कुटून चालेल, पण त्यांना समजावून उघडपणे द्यायचं बघा, असं बजावलं. मी हो म्हटलं. समजावून देणं हा प्रकार बाबांवर कधीच चालला नव्हता, पण डॉक्टरांना तेवढा इतिहास कुठं सांगत बसू.

मग आईचा कारखाना सुरू झाला. काढा झाकण न ठेवता उकळायचा, हे माझं फर्मान, म्हणजे थुजोन आणि कापूर वाफेबरोबर उडून जाईल आणि पाण्यात नुसता कडूपणा राहील. घरभर असा वास की माशा तर गेल्याच, पाहुणेही लवकर उठू लागले. काढ्यात गवत चिमूटभर, तेवढंच. गोळी खलबत्त्यात. खलबत्त्याचा आवाज आला की बाबा ओट्यावरून विचारायचे, काय कुटून राहिली. आई सांगायची, आलं. बाबा काढा पिऊन तोंड वाकडं करून म्हणायचे की इतकं आलं कुटते रोज, पण आल्याचा वासही नाही येऊन राहिला, शीह म्हणजे शीह. काचेचा पेला आईनं माळ्यावर टाकला आणि स्टीलचा काढला. मी विचारलं तर म्हणाली, काच फुटते.

शुगर खाली आली. येणारच होती, गोळ्या वेळच्या वेळी पोटात जात होत्या, आणि तोंड कडू झाल्यामुळे बाबांना चहाही गोड लागेनासा झाला होता. पण बाबांचा रुबाब काय सांगू. सौंसरच्या बाजारात मला लोक थांबवून विचारू लागले की मॅडम, ते कुवेतचं औषध कुठं मिळते. मी म्हणायची, कुवेतला. बाबा मला ऐकवायचे की तू पुस्तकं वाचली, मी झाड वाचलं. मी आईकडे पाहायची. आई तवा पुसत बसायची.

पिशवी लहान म्हणून बाबांनी शीह कोणाला दिलं नाही. फक्त एका माणसाला मूठभर दिलं, मास्तरकाकांना. त्यांनाही शुगर होतीच. मी काकांना बजावलं की गोळ्या चालू ठेवा, आईनंही बजावलं. काका म्हणाले, चालूच आहेत ना वहिनी, मी काय वेडा आहे. बरं, रिटायर मास्तर, माणूस हिशेबी, आम्ही विश्वास ठेवला.

बाबांचं ऑपरेशन नागपूरला झालं. एकाच डोळ्याचं, पण तेवढ्यानं त्यांचं जग धुऊन निघालं. काळा चष्मा लावून घरी आले आणि सगळ्या घराची तपासणी सुरू. कोपऱ्यातली जाळी दिसली, भिंतीचा रंग उडालेला दिसला, माझ्या तोंडावरची मुरमं दिसली. मग आईकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "तू कवा म्हातारी झाली?"

"तुम्ही आंधळे होते तवा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीजवळचं झाड पाहिलं. वाळलेल्या फांद्या मोजल्या. पण ओल्या काड्या होत्या, कोंब चांगले भरलेले होते. डॉक्टर हो म्हणाले की डोळे बांधायचे असं ठरलं. जंबेरीची रोपं तयारच होती. सुरीला धार लावून आणली. पट्टीचं काम मास्तरकाकांचं, म्हणून काका रोज येऊन पट्ट्या कापून ठेवू लागले. ते वाळल्यासारखे दिसत होते. तहान लागते म्हणायचे, सारखे लोटाभर पाणी प्यायचे. बाबा म्हणायचे, लागू पडून राहिलं तुले.

पुढच्या शनिवारी काका सकाळीच जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले आणि तिथं रांगेत चक्कर येऊन पडले. लोकांनी उचलून सौंसरच्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा सलाइन चालू होतं. शुगर इतकी वर की नर्स आमच्यावरच ओरडली, की गोळ्या केव्हापासून बंद आहेत, घरचे लोक काय करून राहिले होते. तेव्हा कळलं. बाबांनी काकांकडून कबूल करून घेतलं होतं की पहिले ताण, मग शीह, आणि बायांना सांगायचं नाही, बाया ताण तोडतात. काका गुंगीत होते. बाबा पलंगाजवळ उभं राहून म्हणत होते की मग मला कसं लागू पडलं, याचा ताण कमी पडला असेल. आवाज मोठा होता, पण त्यात दम नव्हता.

रविवारी सकाळी मी घरीच होते. आईनं नेहमीसारखा काढा दिला. बाबा पिऊन पेला खाली ठेवता ठेवता थांबले. पेला उजेडाकडे केला, काळा चष्मा वर केला, आणि तळाकडे पाहत राहिले. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ एकदम ताठ झाली.

"हे पांढरं काय होय?" बाबांनी विचारलं. आईला नाही, मला.

खोटं बोलायची माझी तयारी होती. पण प्रश्न रसायनशास्त्राचा होता, आणि समोर माणूस असा, की ज्यानं बोट घालून तो गाळ चोळून पाहिला होता. मी सांगितलं. औषध पाण्यात विरघळतं, पण गोळी बांधायला जी पांढरी पूड घालतात ती विरघळत नाही, ती तळाशी बसते. बाबांनी विचारलं, केव्हापासून. मी म्हटलं, ऑपरेशन रद्द झालं तेव्हापासून.

मला वाटलं, आता पेला भिंतीवर जाणार. बाबा तापट माणूस, त्यांच्या रागानं आमच्याकडची बरीच भांडी चेपलेली आहेत. पण ते तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि मला समजलं की ते स्वतःचा विचार करत नव्हते.

"म्हणजे मास्तरले मी नुसतं गवत पाजलं," ते म्हणाले.

उठून त्यांनी चप्पल घातली. दारापर्यंत गेले आणि तिथून, आमच्याकडे न पाहता, आईला म्हणाले, "उद्यापासून गोळी वेगळी देत जा. कुटून कुटून तुह्या हाताले घट्टे पडले असन." आईनं हात पदरात घेतले आणि मग ती अशी रडली, की त्यापेक्षा काढ्याचा वास बरा असं मला वाटलं. मी बाबांच्या मागे धावले.

दवाखान्यात काका शुद्धीवर आले होते, उशीला टेकून बसले होते. बाबांनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. आमची बाई गोळी कुटून टाकत होती, मले मालूम नव्हतं, गवतात काही नव्हतं, मी तुले मारलंच होतं. बाबांनी उभ्या जन्मात कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती, आणि ती मागताना ते भांडल्यासारखेच बोलत होते. शेजारच्या पलंगावरचा पेशंट घाबरून पाहत होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, चिडतील. त्यांना चिडायचा हक्क होता. ते थोडे हसले.

"तुह्या घरी कुटणारं माणूस आहे," ते म्हणाले. "माह्या घरी कोण कुटन बे?"

बाबांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मी उगाच सलाइनची नळी पाहत राहिले, जणू काही मला त्यातलं फार समजतं.

काका घरी आले. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर डोळे बांधायचं काम झालं. बाबांनी कापलं, काकांनी पट्ट्या बांधल्या, आणि दोघं दिवसभर एकमेकांच्या चुका काढत बसले. उन्हाळ्यात विहिरीजवळचं झाड गेलं. पण जंबेरीवरचे बरेच डोळे हिरवे राहिले आणि फुटले. बाबा सकाळी उठून पहिले तिकडे जातात.

तिथून येऊन ओट्यावर बसतात. काकाही येतात. शीहची पिशवी केव्हाच संपली, काढा आता नुसता आल्याचा. बाबा आपली गोळी पाण्याबरोबर गिळतात, वर आम्हाला जीभ काढून दाखवतात. काका मात्र अख्खी गोळी घेत नाहीत. म्हणतात, घशात अडकते. त्याच घशातून आमच्याकडची भाकर आणि ठेचा विनातक्रार उतरतो, पण गोळी अडकते. मी त्यांच्या गोळ्यांचं पाकीट तपासलं, साधीच गोळी आहे, कुटून चालते. डॉक्टरांनाही विचारून घेतलं. तरी मी एकदा म्हटलं की काका, याची काही गरज नाही, पाण्याबरोबर सरळ जाते. आईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

मग ती खलबत्ता घेऊन बसते. कामं पडली आहेत, हे आणखी एक नसतं लचांड, असं पुटपुटते, आणि कुटते. आत आवाज सुरू झाला की काका ओट्यावरून विचारतात, काय कुटून राहिल्या वहिनी. आई म्हणते, आलं.